महाभियोग आणि काशीचे प्रशस्तिपत्र

महाभियोग हा शब्द कानी पडला की आपल्याला अमेरिका आठवते. महाभियोग अटळ आहे हे दिसताच १९७४ मध्ये पायउतार झालेले निक्सन, १९९९ मध्ये सिनेटने दोषमुक्त केलेले क्लिंटन, २०२० आणि २०२१ असे दोनदा सुटलेले ट्रम्प. या मालिकेच्या आरंभी आहेत अँड्र्यू जॉन्सन. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, १८६८ साली, त्यांच्यावर सिनेटपुढे खटला चालला आणि अवघ्या एका मताने ते बचावले. दूरदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी काहींनी ही हकीकत आपल्या मुलांच्या शालेय पुस्तकातून वाचलीही असेल. त्या पुस्तकात सहसा नसते ते असे : अमेरिकेच्या संविधानातील महाभियोगाच्या कलमाची शब्दरचना ठरत असताना एका हिंदुस्थानी प्रकरणाचा दाखला दिला गेला होता, त्या प्रकरणातील पहिला आरोप काशीत घडलेल्या घटनांचा होता, आणि काशीतल्या मराठी पंडितांनी आरोपीच्या बाजूने सह्या केल्या होत्या.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला यातली शेवटची गोष्ट विशेष अस्वस्थ करते. अधिकाऱ्याला जाब विचारायचा तो नेमका कशाबद्दल, आणि ज्यांच्यावर त्याने सत्ता गाजवली त्यांचे म्हणणे कोणाच्या तोंडून ऐकायचे, हे दोन्ही प्रश्न काशीच्या प्रकरणात आणि जॉन्सन यांच्या खटल्यात समोरासमोर उभे राहतात. म्हणून दोन्ही एकत्र वाचावीत असे मला वाटते.

८ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या घटनासभेत महाभियोगाचे कलम चर्चेला आले. मसुद्यात राष्ट्रद्रोह आणि लाचखोरी एवढी दोनच कारणे होती. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले आणि त्यांनी विचारले की ही दोनच का? हेस्टिंग्जने राष्ट्रद्रोह केलेला नाही, हे त्यांनी सभेला स्मरण करून दिले. वॉरन हेस्टिंग्ज हा बंगालचा माजी गव्हर्नर जनरल. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटने त्याच्यावर महाभियोग दाखल केला होता आणि ती बातमी अमेरिकेत पोहोचली होती. मेसन यांनी 'गैरकारभार' हा शब्द घालण्याची सूचना केली. त्यावर मॅडिसन यांचा आक्षेप असा की इतका सैल शब्द घातला तर अध्यक्ष सिनेटची मर्जी असेपर्यंतच पदावर राहील. मेसन यांनी आपला शब्द मागे घेतला आणि इंग्लंडच्या जुन्या संसदीय परिभाषेतून 'हाय क्राइम्स अँड मिसडेमीनर्स' ही जोडी घेतली. राज्यसत्तेच्या पदावरून केलेले मोठे अपराध आणि दुर्वर्तन, असा तिचा ढोबळ अर्थ. (याच मेसन यांनी पुढे नऊ दिवसांनी संविधानावर सही करण्याचे नाकारले, ही गोष्ट वेगळी.)

आता हेस्टिंग्जने काशीत काय केले होते ते पाहू. त्याची सुरुवात आपल्या पुण्यात होते.

सत्ताधीशाला जाब विचारण्याचा विषय निघाला की मराठी माणसाला रामशास्त्री आठवतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना त्यांच्या तोंडावर दोषी ठरवले. परंतु तो निर्णय अमलात आणणारी कोणतीही संस्था पुण्यात नव्हती. शास्त्रीबुवांनी पद सोडले. राघोबादादांना दूर केले ते बारभाईंच्या कारस्थानाने. दूर झालेले दादा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि पहिले इंग्रज–मराठा युद्ध सुरू झाले. त्यात १७७८ मध्ये फ्रेंचांशी युद्ध आणि १७८० मध्ये हैदरची स्वारी यांची भर पडली. कलकत्त्याची तिजोरी रिकामी झाली आणि हेस्टिंग्जची नजर बनारसच्या राजाकडे वळली.

बनारसची जमीनदारी १७७५ मध्ये अवधच्या नबाबाकडून कंपनीकडे आली होती. राजा चेतसिंग वर्षाला साडेबावीस लाखांहून अधिक खंड देत असे आणि तो वेळेवर देत असे. ठरलेली रक्कम येत राहील तोवर आणखी काही मागायचे नाही, असे कलकत्त्याच्या कौन्सिलने १७७५ मध्येच ठरवले होते. हेस्टिंग्जचे म्हणणे असे की युद्धप्रसंगी अधिराजाला जादा मदत मागण्याचा अंगभूत अधिकार असतो. त्याने १७७८ मध्ये पाच लाख मागितले, पुढच्या वर्षी पुन्हा पाच लाख, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तितकेच. नंतर दोन हजार घोडदळ मागितले. ते घासाघीस होऊन एक हजारावर आले. चेतसिंगाने पाचशे स्वार आणि तेवढेच पायदळ जमवले आणि उत्तराची वाट पाहत बसला. मधल्या काळात, १७८० मध्ये, त्याने हेस्टिंग्जला दोन लाखांचा नजराणा पाठवला होता. हेस्टिंग्जने तो आधी नाकारला, मग घेतला आणि पैसे कोणाचे हे न सांगता कौन्सिलपुढे मांडले. ते खर्ची पडायचे होते माळव्यात महादजी शिंद्यांवर निघालेल्या फौजेच्या मोहिमेसाठी. काशीच्या राजाचा पैसा मराठ्यांविरुद्धच्या लढाईत जात होता, आणि त्याच काशीत मराठी वस्ती पुणे, इंदूर, नागपूर येथून येणाऱ्या दानदक्षिणेवर जगत होती.

हेस्टिंग्जने ठरवले की राजाला दंड करायचा, चाळीस ते पन्नास लाखांचा. हा आकडा शत्रूंनी रचलेला नव्हे. १७८२ साली छापलेल्या स्वतःच्या निवेदनात त्यानेच तो दिला आहे. ऑगस्ट १७८१ मध्ये तो काशीला आला, माधवदासाच्या बागेत उतरला आणि १६ तारखेला त्याने चेतसिंगाला शिवाला येथील वाड्यात नजरकैदेत टाकले. पहाऱ्यावर दोन कंपन्या शिपाई आणि तीन इंग्रज लेफ्टनंट. त्यांच्याजवळ दारूगोळाच नव्हता. रामनगरहून राजाचे लोक नदी ओलांडून आले, पहारा कापला गेला आणि चेतसिंग खिडकीतून पागोट्यांच्या दोरावरून गंगेत उभ्या असलेल्या नावेत उतरला. काही दिवसांतच गव्हर्नर जनरलला रात्रीच्या अंधारात चुनारच्या किल्ल्याकडे पळावे लागले. त्या पलायनावरचे चार टिंगलीचे बोल बनारसी माणसाच्या तोंडी अजून आहेत. पुढे बंड मोडले, बिजयगड पडला. पण तिथला सुमारे तेवीस लाखांचा खजिना सैनिकांनीच लूट म्हणून वाटून घेतला आणि ज्या तिजोरीसाठी हे सारे झाले तिला एक रुपयाही मिळाला नाही. चेतसिंगाला आश्रय दिला तो महादजींनी. १८१० मध्ये तो ग्वाल्हेरलाच वारला. काशीत नवा राजा बसवण्यात आला आणि खंड चाळीस लाखांवर नेण्यात आला.

हाऊस ऑफ कॉमन्समध्ये १३ जून १७८६ रोजी बनारसचा आरोप चर्चेला आला तेव्हा पंतप्रधान पिट हेस्टिंग्जला वाचवणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. रोहिल्यांच्या युद्धाचा आरोप याच सभागृहाने दहा-अकरा दिवसांपूर्वी फेटाळला होता. पिट बोलू लागला तेही हेस्टिंग्जच्या बाजूने. अधिराजाला जादा मदत मागण्याचा हक्क होता, चेतसिंगाने टाळाटाळ केली, त्याबद्दल दंड करण्याचाही हक्क होता, असे एकेक मान्य करीत तो गेला. शेवटी म्हणाला की पन्नास लाखांचा दंड मात्र अपराधाच्या प्रमाणाबाहेर आहे, आणि म्हणून मी आरोपाच्या बाजूने मत देतो. ११९ विरुद्ध ७९ मतांनी आरोप दाखल झाला. पिटचा खरा हेतू काय होता यावर इतिहासकार आजही भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. त्याचा युक्तिवाद मात्र प्रत्येक प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याला शिकवावा इतक्या मोलाचा आहे.

आपल्या कार्यालयांतून एक समजूत घट्ट बसलेली असते : दंड करण्याचा अधिकार मला आहे, म्हणजे किती करायचा हे ठरवणेही सर्वस्वी माझे. गौण खनिजाचा ट्रॅक्टर पकडला, अतिक्रमण काढले, परवाना निलंबित केला, की आदेशात कलमाचा क्रमांक असतो, अधिकाराचा उल्लेख असतो. हाच आकडा का, याला एक ओळही नसते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रणजित ठाकूर प्रकरणात नेमके यावर बोट ठेवले. वरिष्ठाने सांगूनही जेवण नाकारले, एवढ्या अपराधाबद्दल एका जवानाला बडतर्फी आणि एक वर्षाची कैद झाली होती. न्यायालयाने ती शिक्षा प्रमाणाबाहेरची म्हणून रद्द केली. प्रमाणशीरतेचे तत्त्व आपण परदेशी न्यायशास्त्रातून घेतले असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे; पण हिंदुस्थानातल्या एका दंडावरून हा मुद्दा लंडनच्या सभागृहात १७८६ मध्येच मांडला गेला होता, हेही विसरू नये.

आता त्या सह्यांकडे येतो.

मणिकर्णिकेवरून नावेने उत्तरेकडे निघाले की संकठा घाट, भोसले घाट, मग रामघाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट, बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट असे एकामागून एक लागतात. नावांवरूनच कळते की हा मराठी पट्टा आहे. रामघाट जयपूरच्या राजघराण्याने बांधला असे मानतात. पण त्याच्या दोन्ही बाजूंना भोसले, शिंदे, पेशवे यांच्या खुणा आहेत. घाटावरच्या सांगवेद विद्यालयात आजही वेदपठण चालते आणि वरच्या गल्ल्यांतून मराठी ऐकू येते. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यापासून, म्हणजे शिवराज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांच्याही आधीपासून, इथे धर्मशास्त्र आणि मीमांसा शिकवणारी महाराष्ट्रीय घराणी नांदत होती.

१७८७ साली काशीच्या पंडितांनी हेस्टिंग्जच्या समर्थनार्थ दोन संस्कृत निवेदने सरकारला दिली. दोन्ही मिळून अडीचशेहून अधिक सह्या आहेत. एका निवेदनावर महाराष्ट्रीय, नागर वगैरे पंडितांच्या, दुसऱ्यावर बंगाली पंडितांच्या. ही निवेदने डॉ. सुरेन्द्रनाथ सेन यांनी उजेडात आणली. मराठ्यांच्या राज्यकारभारावर १९२३ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिणारे आणि पुढे राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रमुख झालेले तेच हे सेन.

निवेदनांत काय आहे? यात्रेकरूंना होणारा जाच आणि लूट थांबली. न्यायनिवाडा नीट होऊ लागला. त्यासाठी नेमलेला अली इब्राहिम खान हा निःस्पृह माणूस आहे. विश्वेश्वराच्या दाराशी नौबतखाना उभा राहिला. हेस्टिंग्जने आमचे रक्षण केले.

या मजकुराला हसणे सोपे आहे. देशभक्तीच्या आजच्या तराजूत तोलून त्या पंडितांना लाचार ठरवणे त्याहून सोपे. मला ते पटत नाही. त्यांनी लिहिले त्यातली कोणतीही गोष्ट खोटी नव्हती. १७८१ नंतर शहराचा न्याय आणि बंदोबस्त राजाच्या हातून काढून अली इब्राहिम खानाकडे देण्यात आला आणि त्याने तो उत्तम सांभाळला, हे त्याच्या विरोधकांनीही नाकारलेले नाही. नौबतखाना १७८५ मध्ये त्यानेच हेस्टिंग्जच्या आज्ञेवरून बांधला. यात्रेकरू सुखरूप येणे-जाणे हा काशीच्या विद्वानांसाठी केवळ धर्माचा विषय नव्हता. दक्षिणेतून येणारी दक्षिणा त्याच वाटेने येत होती. सालबाईच्या तहानंतर ती वाट पुन्हा मोकळी झाली होती. ज्या अधिकाऱ्याच्या काळात आपले आयुष्य सुरळीत झाले त्याच्याविषयी चार शब्द लिहून देणे यात मला लाचारी दिसत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. हेस्टिंग्ज १७८४ च्या वसंतात लखनौला जाताना याच प्रदेशातून गेला. तेथून त्याने कौन्सिलला पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. बक्सरच्या हद्दीपासून बनारसपर्यंत गाऱ्हाणी मांडणाऱ्या लोकांच्या झुंडी आपल्या मागे येत राहिल्या आणि त्यांच्या आरडाओरड्याने आपण थकून गेलो, असे तो लिहितो. गावोगाव संपूर्ण उजाडीच्या खुणा दिसल्या असेही लिहितो. दुष्काळ हे त्याचे एक कारण, आणि नव्या राजाच्या कारभाऱ्यांचा वाईट कारभार हे दुसरे. खंड साडेबावीस लाखांवरून चाळीस लाखांवर आपणच नेला, त्या वाढीचा हिशेब शेतकऱ्याकडूनच चुकता होणार होता, हे तिसरे कारण त्याने लिहिलेले नाही.

म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन साक्षी होत्या. शहराची साक्ष संस्कृतात होती, सह्यांनिशी होती, मुद्देसूद होती. खेड्यांची साक्ष रस्त्यावरच्या ओरड्याच्या रूपात होती आणि ती लिहून ठेवली ती खुद्द आरोपीने, प्रवासातला त्रास म्हणून. हेस्टिंग्जच्या कलकत्त्यातील मित्रांच्या खटपटीने ठिकठिकाणची प्रशस्तिपत्रे सरकारी मार्गाने विलायतेला गेली आणि १७८९ मध्ये लंडनला छापूनही निघाली. बक्सरच्या वाटेवरच्या माणसांकडे कोणीही कागद घेऊन गेले नाही.

ज्यांनी जिल्ह्यात काम केले आहे त्यांना हे चित्र परके नाही. अधिकाऱ्याची बदली झाली की 'बदली रद्द करा' म्हणून निवेदने येतात. त्यांतली काही मनापासून असतात, काही तलाठी-ग्रामसेवकांनी गोळा केलेली असतात, आणि बहुतेक या दोहोंच्या मधली. सही करणारे सहसा मुख्यालयी राहणारे, कार्यालयात ज्यांची ये-जा आहे असे असतात. ज्याचा सातबारा तीन वर्षे अडकला आहे तो त्या सह्यांत नसतो. त्याच्या सहीवाचून निवेदन खोटे ठरत नाही, एवढेच की ते मुख्यालयाचे निवेदन असते.

काशीत हेस्टिंग्जचे देऊळ बांधले आहे अशी एक अफवा त्या काळी इंग्लंडात पसरली होती. मेकॉलेने नोंदवले आहे की बर्कने त्यावर उत्तर दिले : हिंदू लोक काही देवांची पूजा प्रेमाने करतात आणि काहींची भयाने, रोगांच्या देवतांनाही ते देवळे बांधतात, तेव्हा हेस्टिंग्जचेही असेल. टाळ्या मिळवणारे उत्तर आहे. पण ते काशीच्या पंडितांवर अन्याय करणारे आहे, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे त्यात साक्षीची तपासणी टळते. पंडितांचे म्हणणे खरे धरूनही आरोप टिकतो, हे बर्कने म्हणायला हवे होते. शहरातली सुव्यवस्था ही पन्नास लाखांच्या दंडाची वजावट होऊ शकत नाही. चांगल्या कामाचे आणि अन्यायाचे हिशेब एकाच खात्यात मांडून शिल्लक काढायची, ही प्रशासनातली फार जुनी खोड आहे.

हेस्टिंग्जचा खटला १३ फेब्रुवारी १७८८ ला सुरू झाला आणि २३ एप्रिल १७९५ ला संपला. अखेरीस मत द्यायला जेमतेम २९ सरदार उरले होते. बनारसच्या आरोपावर त्यांतल्या सहा जणांनी 'दोषी' म्हटले. हेस्टिंग्ज सुटला, कंपनीने त्याला सालीना चार हजार पौंडांचे वेतन लावून दिले.

आता वॉशिंग्टनकडे वळू. लिंकन यांच्या हत्येनंतर एप्रिल १८६५ मध्ये जॉन्सन अध्यक्ष झाले. चाळीस लाख गुलाम नुकतेच मुक्त झाले होते. त्यांना जमीन, मजुरीचा करार, न्यायालयात साक्ष देण्याचा हक्क आणि मत मिळणार की नाही, हा पुनर्रचनेचा गाभ्याचा प्रश्न होता. जॉन्सन यांनी जुन्या मळेवाल्यांना माफी दिली, मुक्त झालेल्यांना कसायला दिलेल्या जमिनी मूळ मालकांना परत करविल्या, नागरी हक्कांच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. मे १८६६ मध्ये मेम्फिस शहरात दंगल होऊन ४६ कृष्णवर्णीय मारले गेले. दंगलखोरांत शहराचे पोलीसही होते. जुलैमध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याचीच पुनरावृत्ती झाली.

यांबद्दल अध्यक्षांना जाब विचारायचा प्रयत्न झाला नाही असे नाही. डिसेंबर १८६७ मध्ये प्रतिनिधिगृहापुढे व्यापक स्वरूपाचा महाभियोगाचा ठराव आला. विशिष्ट कायद्याचा भंग दाखवता येत नाही म्हणून तो १०८ विरुद्ध ५७ मतांनी पडला. मॅडिसन यांची जुनी भीती सभासदांच्या मनात होती. मग फेब्रुवारी १८६८ मध्ये जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना बडतर्फ केले आणि विरोधकांना हवा तो विशिष्ट कायदा सापडला. काँग्रेसने आदल्याच वर्षी कायदा केला होता की सिनेटच्या संमतीवाचून अशा पदाधिकाऱ्याला काढता येणार नाही. स्टँटन कार्यालयाला आतून अडसर घालून अनेक आठवडे तिथेच मुक्काम करून राहिले. (मंत्रालयातही हे दृश्य पाहायला मिळाले नसेल!) २४ फेब्रुवारीला १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग दाखल झाला. अकरा आरोपांपैकी बहुतेक सारे स्टँटन यांच्या बडतर्फीभोवती फिरणारे. एक काँग्रेसची निंदा करणाऱ्या भाषणांबद्दल. मेम्फिस नाही, न्यू ऑर्लिन्स नाही, काढून घेतलेल्या जमिनी नाहीत.

आणि साक्ष? ती उपलब्ध होती, हे विशेष. प्रतिनिधिगृहाची समिती १८६६ मध्ये स्वतः मेम्फिसला गेली होती, तिने दीडशेहून अधिक साक्षी घेतल्या होत्या आणि त्यांत काल-परवापर्यंत गुलाम असलेली स्त्री-पुरुष माणसे होती. हे सारे काँग्रेसच्याच दप्तरात छापील स्वरूपात होते. सिनेटपुढच्या खटल्यात वाद झाला तो 'ज्या अध्यक्षाने नेमले त्याची मुदत' म्हणजे काय, यावर. स्टँटन यांना नेमले होते लिंकन यांनी. मग जॉन्सन यांना तो कायदा लागू होतो का? प्रश्न खरोखरच अवघड होता. बचावाच्या वकिलांनी तो उत्तम मांडला आणि सात रिपब्लिकन सिनेटर फुटले. १६ मे रोजी ३५ विरुद्ध १९. दोन तृतीयांशाला ३६ हवे होते. सिनेटमध्ये त्या वेळी एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. पहिला १८७० मध्ये आला. ज्या कायद्याच्या भंगासाठी खटला भरला तो १८८७ मध्ये रद्द झाला, आणि १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मुळातच घटनाबाह्य होता असे म्हटले.

त्या फुटलेल्या सात जणांना पुढे धैर्याचे पुतळे म्हणून गौरवण्यात आले. कायद्याच्या चौकटीत त्यांचे मत चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. लिहिलेला आरोप कच्चा होता आणि खरा अपराध लिहिलाच नव्हता. फिर्याद चालवणाऱ्यांनी सिद्ध करायला सोपे ते निवडले, आणि तेच निसटले.

आपल्या संविधानाच्या ६१ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींवरील महाभियोगासाठी 'संविधानाचा भंग' हे एकच कारण आहे आणि त्याचा वापर आजवर झालेला नाही. आपल्यासारख्यांचा संबंध येतो तो ३११ व्या अनुच्छेदाशी आणि विभागीय चौकशीशी. मेसन आणि मॅडिसन यांचा वाद तिथे रोज चालतो. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत नितांत सचोटी, कर्तव्यपरायणता आणि सरकारी कर्मचाऱ्याला न शोभणारे वर्तन न करणे असे मेसन यांच्या पद्धतीचे रुंद शब्द आहेत. दोषारोपपत्र लिहिताना मात्र आपण मॅडिसन होतो. दौऱ्याची दैनंदिनी सादर केली नाही, मुख्यालय विनापरवानगी सोडले, नस्ती विहित मुदतीत सादर केली नाही. हे कागदावर सिद्ध होते. वाडीतल्या चाळीस कुटुंबांची घरे पावसाळ्याच्या तोंडावर, नोटिशीची मुदत संपण्याआधी पाडली, हे त्याच अधिकाऱ्याविरुद्धचे खरे गाऱ्हाणे असते. ते दोषारोपांच्या विवरणपत्रात येत नाही, कारण ते लिहायचे तर त्या चाळीस कुटुंबांकडे जावे लागते. अधिकाऱ्याने बचावात मागील पाच वर्षांचे उत्कृष्ट गोपनीय अहवाल आणि एक-दोन संस्थांची प्रशस्तिपत्रे जोडलेली असतात. पुढे दैनंदिनीबद्दल ठपका ठेवून नस्ती बंद होते.

माझी सूचना मोठी नाही. दोषारोपपत्राच्या नमुन्यात एक रकाना असावा : या कृतीने कोणाचे, काय आणि किती नुकसान झाले. तो रिकामा ठेवायचा असेल तर तसे कारण लिहावे. ज्यांचे नुकसान झाले त्यांना चौकशीच्या तारखेची सूचना जावी आणि त्यांचे म्हणणे, ते कोणत्याही भाषेत आणि कितीही अव्यवस्थित असो, चौकशी अधिकाऱ्याने त्यांच्या गावी जाऊन नोंदवावे. अंतिम आदेशाची प्रत त्यांनाही मिळावी. आज तक्रारदार हा चौकशीत फार तर साक्षीदार असतो, पक्षकार नसतो.

यावर सहकारी म्हणतात की अशाने चौकश्या वर्षानुवर्षे लांबतील, आणि दाखला म्हणून हेस्टिंग्जचा सात वर्षांचा खटलाच पुढे करतात. त्या सात वर्षांत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटल्याचे कामकाज प्रत्यक्ष चालले ते दीडशेहून कमी दिवस. बाकीचा काळ तारखा पडण्यात गेला.